पिकअप ट्रक : घेणें आणि जपणें

'ट्रक' हा शब्द कानीं पडला म्हणजे आपल्याकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढें घाटांतून धापा टाकीत चढणारें, पाठीमागें रंगीत अक्षरें मिरविणारें, मालानें शिगोशीग भरलेलें एक अवजड वाहन उभें राहतें. अमेरिकेंत त्याच शब्दाचा रोजच्या बोलण्यांतील अर्थ बहुधा निराळा असतो. तेथें ट्रक म्हणजे पुढें माणसांना बसावयाची बंदिस्त खोली, मागें उघडा हौदा, आणि खालीं दोन भक्कम तुळयांचा सांगाडा असलेली घरगुती गाडी. शेतकरी तींतून चाऱ्याच्या गंजी नेतो, नळकाम करणारा आपलीं हत्यारें नेतो, सुतार फळ्या नेतो, आणि रविवारीं तोच सुतार तींत मुलाबाळांना घालून तळ्याकांठीं जातो. या गाडीस तिकडे 'पिकअप' म्हणतात. या पिकअपांपैकीं जी जात खास जड कामासाठीं बांधलेली असते, आणि जी डिझेलवर न चालतां पेट्रोलवर चालते, तिची मालकी व तिची निगा हा प्रस्तुत विषय आहे.

या गाडीचा वंश जुना आहे. शेतकऱ्यांनीं मोटारीचा मागचा भाग कापून त्यावर लांकडी पेटी बसविण्याचा उद्योग प्रथम आपल्या आपणच चालविला होता. ती गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालच्या एप्रिल महिन्यांत आपल्या 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतूनच पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. पुढें १९४८ साली त्याच कंपनीची 'एफ' मालिका बाजारांत आली. अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशीं तिच्या गाड्यांचीं ओझ्यावरून वर्गवारी होई. हीं नांवें अजून टिकून आहेत. मात्र त्यांचा शब्दशः अर्थ केव्हांच मागें पडला आहे. आजचा 'अर्धा टन' ट्रक अर्ध्या टनाहून पुष्कळ अधिक वाहतो, आणि 'पाऊण टन' म्हणविणारा दीड टनापर्यंत जातो. मुंबईकरांनाही अमेरिकन ट्रकांची ओळख नवी नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें जुळणीचा कारखाना उघडून शेव्हरोले मोटारी व ट्रक बाहेर काढण्यास आरंभ केला होता, आणि तो उद्योग १९५४ पर्यंत चालला.

आतां जड पिकअप हलक्या पिकअपाहून वेगळा कशानें ठरतो तें पाहूं. फोर्डचा एफ-२५०, शेव्हरोलेचा सिल्व्हराडो २५००, रॅमचा २५०० हे या जातीचे प्रसिद्ध नमुने होत. त्यांचा सांगाडा जाड, मागील आंस मोठा, कमानपाटे वा स्प्रिंगा ताठ, ब्रेकांच्या चकत्या रुंद, आणि प्रत्येक चाकास पांच-सहांऐवजी आठ नट असतात. गाडी, माणसें, माल व इंधन मिळून जें एकूण कमाल वजन उत्पादक मान्य करतो, तें या वर्गांत बहुधा ८,५०० ते १०,००० पौंडांच्या दरम्यान असतें. किलोग्रॅममध्यें तें सुमारें ३,८५० ते ४,५४० होतें.

या ८,५०० पौंडांच्या आंकड्याचा एक परिणाम ग्राहकास ठाऊक असावा. अमेरिकेंतील नियमांप्रमाणें नव्या मोटारीच्या कांचेवर ती एका गॅलनांत किती मैल जाईल हें छापलेला कागद लावावा लागतो. परंतु या मर्यादेवरील पिकअपांस त्या कागदापासून सूट आहे. म्हणजे जी गाडी सर्वांत अधिक इंधन पिते, तिच्याच बाबतींत ग्राहकास दुकानांत आंकडा दिसत नाहीं. रिकाम्या गाडीस लांबच्या सपाट रस्त्यावर अमेरिकन गॅलनामागें चौदा-पंधरा मैल मिळाले तर मालक समाधान मानतो. मागें जड ट्रेलर जोडला कीं तोच आंकडा आठ-नऊवर येतो. लिटरामागें किलोमीटर धरले तर हें प्रमाण सहावरून साडेतीनपर्यंत घसरतें. म्हणून प्रत्येक वेळीं टाकी भरतांना लिहून ठेवलेला आंकडा हाच खरा, आणि तो लिहिण्याची संवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. या नोंदीचा दुसरा लाभ असा कीं, कांहीं कारण दिसत नसतां आंकडा खालीं येऊं लागला तर ब्रेक अडकत आहे, टायरांतील हवा कमी झाली आहे किंवा एंजिनांत कांहीं बिघडलें आहे, याची सूचना मेकॅनिकाच्या आधीं वही देते.

पेट्रोल कीं डिझेल हा प्रश्न येथें साहजिकच उभा राहतो. ओढण्याच्या शक्तींत डिझेल निर्विवाद श्रेष्ठ आहे. फोर्डचें ७.३ लिटरांचें पेट्रोल एंजिन २०२० सालीं आलें, तेव्हां त्याची शक्ति ४३० अश्वशक्ति व पीळ ४७५ पौंड-फूट होता. त्याच वर्षींच्या त्याच कंपनीच्या ६.७ लिटर डिझेल एंजिनाचा पीळ १,०५० पौंड-फूट, म्हणजे दुपटीहूनही अधिक होता. डोंगराळ मुलुखांत हा भेद अधिकच जाणवतो. टर्बो नसलेलें पेट्रोल एंजिन भोंवतालची हवा जशी असेल तशी ओढून घेतें, आणि हजार फूट उंचीमागें त्याची शक्ति सुमारें तीन टक्क्यांनीं कमी होते. कोलोरॅडोंत डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशीं ११,००० फुटांहून अधिक उंचीवर पोहोंचतो; तेथें अशा एंजिनाची एकतृतीयांश शक्ति विरळ हवेंतच नाहींशी झालेली असते. टर्बो बसविलेल्या डिझेलास ही हवा दाबून घेतां येत असल्यानें त्याचें इतकें नुकसान होत नाहीं.

असें असूनही पुष्कळ सुज्ञ मालक पेट्रोलच पसंत करतात, आणि त्याचीं कारणें हिशेबाचीं आहेत. डिझेल एंजिनासाठीं नव्या गाडीच्या किंमतींत सुमारें दहा हजार डॉलरांची भर पडते. समजा, एकजण वर्षांत १५,००० मैल गाडी चालवितो; पेट्रोलवर त्याला गॅलनामागें १२ मैल मिळतात व डिझेलवर १६. पेट्रोल वर्षाला १,२५० गॅलन लागेल, डिझेल सुमारें ९४०. दोन्ही इंधनांचा भाव गॅलनास साडेतीन डॉलर धरला तर वर्षाची बचत अकराशें डॉलरांच्या आंतबाहेर होते. म्हणजे जास्तीची किंमत फिटावयास नऊ वर्षें लागतील, आणि डिझेलचा भाव पेट्रोलहून चढा असेल तर त्याहूनही अधिक. शिवाय २००७ नंतरच्या अमेरिकन डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते, व २०१० च्या सुमारापासून धुरांतील विषारी वायूंसाठीं यूरियाचें द्रावणही टाकावें लागतें. ही गाळणी स्वच्छ होण्यास गाडी लांब व तापून चालावी लागते. रोज दोनचार मैलांच्या फेऱ्या करणाऱ्याच्या गाडींत ती तुंबते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. डिझेल एंजिन पेट्रोल एंजिनाहून कित्येक शें पौंड जड असतें. एकूण वजनाची मर्यादा तीच राहिल्यामुळें तेवढें वजन मालाच्या वाट्यांतून वजा होतें. म्हणून अधिक ओढणारी गाडी पाठीवर मात्र कमी वाहते, असा विचित्र प्रकार येथें घडतो.

पण एंजिन कोणतेंही असो, खरी मर्यादा सांगणारी वस्तु एंजिनाच्या झांकणाखालीं नसून चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेली असते. तेथील लहानशा पट्टीवर, माणसें व सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक वजन कधींही होऊं नये, असें त्या एका विशिष्ट गाडीपुरतें छापलेलें असतें. जाहिरातींत झळकणारा आंकडा ओढण्याचा असतो. दारावरचा आंकडा वाहण्याचा असतो. आणि या दोहोंचा घोंटाळा हें बहुतेक अपघातांचें नसलें तरी बहुतेक फसगतींचें मूळ आहे.

एक उदाहरण घेऊं. एका पाऊण टनी पेट्रोल ट्रकाच्या पट्टीवर ३,००० पौंडांचा आंकडा आहे, आणि त्याच्या पुस्तकांत १४,००० पौंडांचा ट्रेलर ओढण्याची मुभा आहे. मालक १०,००० पौंडांचा, राहण्याच्या सोयीचा मोठा ट्रेलर घेतो आणि आपण मर्यादेच्या पुष्कळ आंत आहों असें समजून निश्चिंत होतो. या जातीच्या ट्रेलराचें जूं गाडीच्या हौद्यांत, मागील आंसाच्या वर बसतें, आणि ट्रेलराच्या वजनाचा सुमारें पांचवा भाग, म्हणजे २,००० पौंड, थेट गाडीच्या पाठीवर येतो. जूं बसविण्याचें लोखंडी साहित्य २०० पौंड, हत्यारांची पेटी ३०० पौंड, चार माणसें ७०० पौंड. बेरीज ३,२०० होते. ट्रेलर मर्यादेच्या आंत आहे, आणि गाडी मर्यादेबाहेर गेली आहे. मागील स्प्रिंगा दबतात, पुढील चाकें हलकीं होतात, सुकाणूंची पकड सैल पडते; आणि हें सर्व सपाट रस्त्यावर कळत नाहीं, तर पावसांत किंवा उतारावर एकाएकीं कळतें. यास्तव महामार्गावरील वजनकाट्यावर एकदां भरलेली गाडी उभी करून प्रत्येक आंसाचें वजन घेणें, हा थोडक्या डॉलरांचा खर्च सर्वांत शहाणपणाचा होय.

उताराचा विषय निघालाच आहे, तर ब्रेकांचा विचार आधीं केला पाहिजे. चढावर शक्ति कमी पडली तर गाडी मंदावते, एवढेंच; उतारावर ब्रेक कमी पडले तर जीव जातात, आणि ते नेहमीं मालकाचेच असतात असें नाहीं. अमेरिकेंतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांहून जड ट्रेलरास स्वतंत्र ब्रेक असणें कायद्यानें आवश्यक आहे. हे ब्रेक बहुधा विजेवर चालतात, आणि त्यांचा जोर किती असावा हें चालकाच्या हाताजवळील नियंत्रकानें ठरवावें लागतें. ट्रेलर बदलला, ओझें बदललें, कीं ही जुळणीही बदलावी लागते. ब्रेकांतील द्रव हवेंतील दमटपणा शोषून घेतो. दोनतीन वर्षांत त्यांत एवढें पाणी मुरतें कीं लांब उतारावर चकत्या तापल्या म्हणजे तो उकळूं लागतो, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. म्हणून तो द्रव दिसावयास स्वच्छ असला तरी ठराविक मुदतीनें बदलावा. आणि उतरतांना ज्या गिअरमध्यें गाडी चढली असती त्याच गिअरमध्यें ती उतरवावी, हा घाटांतील जुना नियम येथेंही खरा आहे. नव्या गाड्यांत ओझें ओढण्यासाठीं एक खास बटण असतें; तें दाबलें म्हणजे गिअर आपोआप खालीं उतरतात व एंजिन स्वतःच गाडीस आंवरून धरतें. ब्रेकांस विसावा देणारी ही सोय पुष्कळ मालक वर्षानुवर्षें वापरीत नाहींत.

एंजिनाच्या निगेंत मुख्य प्रश्न तेलाचा. ७.३ लिटरांच्या एंजिनांत साडेसात लिटरांच्या आसपास तेल मावतें. तें केव्हां बदलावें, या प्रश्नास मैलांचें उत्तर अपुरें पडतें. फोर्डच्या तक्त्यांत साध्या वापरास ७,५०० ते १०,००० मैल सांगितले आहेत, आणि ओझें, उष्मा, धूळ किंवा तासन्‌तास उभें चालणें असेल तर ५,००० मैलांपासूनच बदलण्यास सांगितलें आहे. जड ट्रक विकत घेणारा मनुष्य जड कामासाठींच तो घेतो. तेव्हां त्यानें स्वतःस दुसऱ्या वर्गांत धरणें हेंच न्याय्य. उभें चालणाऱ्या एंजिनाचे मैल मोजले जात नाहींत, पण त्याची झीज होतच असते. अनेक गाड्यांचे ताफे बाळगणाऱ्या कंपन्यांत असा ठोकताळा आहे कीं, एक तास उभें चालणें म्हणजे सुमारें २५ मैल धांवणें. ज्या ट्रकाच्या कांट्यावर ५०,००० मैल आणि २,००० तास उभें चालल्याचे आहेत, तो या हिशेबानें एक लाख मैलांचा धरला पाहिजे. जुना ट्रक विकत घेतांना मैलांबरोबर हे तासही पाहावे. नव्या गाड्यांत ते दर्शनी फलकावर मिळतात.

याच्या उलट, फार थोडें चालणेंही एंजिनास बाधतें. कडाक्याच्या थंडींत दोन मैल जाऊन थांबणाऱ्या गाडीचें तेल पुरतें तापतच नाहीं. जळणांतून निर्माण झालेलें पाणी आणि न जळलेलें पेट्रोल त्यांतच राहून तें पातळ होतें. अशा गाडीस आठवड्यांतून एकदां अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर नेणें हें औषधच आहे.

स्पार्क प्लग ही पेट्रोल एंजिनाची खास बाब. आजचे प्लग लाखभर मैल टिकतात, आणि तेथेंच धोका असतो. कारण एक लाख मैल न हललेला प्लग ॲल्युमिनियमच्या माथ्यांत रुतून बसतो. या शतकाच्या आरंभीच्या एका सुप्रसिद्ध एंजिनाचे प्लग काढतांना मधोमध तुटत व त्यांचा अर्धा भाग आंतच राही. तो काढण्यासाठीं वेगळीं हत्यारें बनवावीं लागलीं. यावरून दोन नियम निघाले. प्लग थंड एंजिनांतूनच, हळुहळू, मागेंपुढें फिरवीत काढावे. आणि नवे बसवितांना ते अंदाजानें न आवळतां पीळ मोजणाऱ्या पान्यानेंच आवळावे. विकत घेण्यापूर्वीं प्लगांची संख्याही विचारावी, रॅमच्या ६.४ लिटर हेमी एंजिनांत प्रत्येक सिलिंडरास दोन, म्हणजे एकंदर सोळा प्लग असतात.

डिफरन्शिअल व गिअरपेटी यांचें तेल डोळ्यांआड असल्यामुळें विसरलें जातें. ओझें ओढणाऱ्या गाडींत हीं दोन्ही तेलें एंजिनाच्या तेलाइतकींच भाजून निघतात. डिफरन्शिअल एकदां पाण्यांत बुडालें, उदाहरणार्थ होडी उतरविण्याच्या घाटावर, तर मैलांची वाट न पाहतां त्याचें तेल तपासावें. दुधासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें.

टायरांच्या बाबतींत जड ट्रक हलक्या मोटारीचें शास्त्र मानीत नाहीं. त्याच्या टायरावर बहुधा 'ई' हें अक्षर असतें, आणि त्यांत ८० पौंडांपर्यंत हवा भरतां येते. लोक त्यास अजून 'दहा पदरी' म्हणतात. पूर्वीं टायरांत खरोखरीच कापसाचे पदर असत, त्या काळची ही आठवण आहे. दारावरच्या पट्टीवर दिलेला दाब पूर्ण ओझ्याचा असतो. ओझें असतां त्याहून कमी हवा ठेवली तर टायराच्या कडा सारख्या दुमडून तापतात आणि उन्हाळ्यांतील महामार्गावर तो फुटतो. चाक काढून पुन्हां बसविलें तर सुमारें शंभर मैलांनंतर नट पुन्हां आवळून पाहावे. टायराच्या अंगावरील चार आंकड्यांवरून तो कोणत्या सालच्या कोणत्या आठवड्यांत तयार झाला हें समजतें. नक्षी शाबूत असली तरी फार जुना झालेला टायर ओझ्याखालीं घालूं नये.

पुढील अखंड आंस असलेल्या गाड्यांत एक भयंकर प्रकार कधींकधीं अनुभवास येतो. वेगांत असतां पुढचें एखादें चाक खड्ड्यांत आपटलें कीं सगळें सुकाणूं दोन्ही हातांत थरथरूं लागतें, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ती थरथर थांबत नाहीं. अमेरिकन लोकांनीं यास 'मरणाची थरथर' असें नांव दिलें आहे. त्याचें कारण बहुधा आंसास आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याचे झिजलेले रबर किंवा सैल झालेले सांधे असतात. नवा धक्काशोषक बसवून तें तात्पुरतें दडपतां येतें. परंतु झीज तशीच राहते व आणखी वाढते. लक्षण झांकणें आणि रोग बरा करणें यांतील भेद येथें इतका स्पष्ट आहे कीं त्यास अधिक भाष्य नको.

शेवटचा शत्रु गंज. उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें सांगाड्याच्या पोकळींत, ब्रेकांच्या नळ्यांवर, कमानपाट्यांच्या थरांत जाऊन बसतें. एंजिन दोन लाख मैल चालण्याजोगें असतां सांगाडा सडल्यामुळें ट्रक भंगारांत गेल्याचीं उदाहरणें तिकडे गांवोगांव आहेत. हिंवाळाभर गाडीचें पोट पाण्याच्या फवाऱ्यानें धुणें आणि शरद ऋतूंत त्यास तेलाचा किंवा लोकरीच्या चरबीचा लेप देणें, एवढ्यानें कित्येक वर्षें वाढतात.

इतकी निगा जिला लागते ती गाडी घ्यावी कोणीं? वर्षांतून एकदां कपाट हलविणाऱ्यानें नव्हे. रिकामा जड ट्रक ताठ स्प्रिंगांमुळें दणके देतो, थांबावयास व उभा करावयास जागा अधिक खातो, आणि मागील भाग हलका असल्यामुळें बर्फावर घसरतो. म्हणून हिंवाळ्यांत पुष्कळजण हौद्यांत वाळूचीं पोतीं टाकून फिरतात. ज्याचें पोट ओझ्यावर चालतें, परंतु ज्याचें ओझें रोज डोंगर ओलांडीत नाहीं, त्याच्यासाठीं पेट्रोलचा जड ट्रक हा सरळ, दुरुस्तीस सोपा आणि हिशेबांत बसणारा सोबती आहे. त्याच्या दाराच्या पट्टीवरील आंकडा मात्र नव्या, नीट राखलेल्या गाडीसाठीं छापलेला असतो. झिजलेले ब्रेक, जुने टायर आणि गंजलेला सांगाडा त्या आंकड्यांतून दरवर्षीं थोडेंथोडें वजा करीत असतात, पण पट्टीवरची शाई कांहीं बदलत नाहीं. ती वजाबाकी वेळोवेळीं भरून काढणें यालाच निगा म्हणतात. आणि ती ज्यानें केली नाहीं, त्यानें विकत घेतलेली क्षमता त्याच्याजवळ राहिलेली नसते.